ओला डाळिंबी

“अजून काळसर,” आई म्हणाली.

मी रंगाचा आकडा बदलला आणि पडदा तिच्याकडे वळवला.

“आता वांगी झाला. मला डाळिंबी हवाय, रेवू. पण दुकानातल्या ताग्यासारखा कोरडा नको. ओला असल्यासारखा.”

“आई, कॉम्प्युटरमध्ये ओला रंग नसतो.”

“मग इतकी वर्षं पुण्यात तू काय शिकलीस?”

आटपाडीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, सकाळच्या उन्हाकडे पाठ करून आम्ही बसलो होतो. साखरेनं आईच्या डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. वाचायला लागलं की मधलं धूसर आणि कडेचं स्पष्ट, असं तिला दिसायचं. तरी ती लिहीत होती. ज्या वसतिगृहात राहून ती शिकली आणि ज्याच्या हायस्कूलात तिनं जन्मभर मराठी शिकवलं, त्या सुबोध कन्या छात्रालयाला पन्नास वर्षं होत होती. सुवर्णमहोत्सवी ग्रंथ जावीर बाईंनीच, म्हणजे आईनंच, लिहावा, असं संस्थेनं ठरवलं होतं. मी तिच्या लॅपटॉपवर एक साधा एडिटर टाकून दिला होता. त्यात अक्षरं हवी तेवढी मोठी करता येत आणि अक्षरांशिवाय दुसरं काही नसे. ते तिला फार आवडलं होतं. “वहीसारखं आहे,” म्हणायची, “उगाच मधेमधे बोलत नाही.”

तक्रार एकच होती. एखादा शब्द शोधला की तो जिथे जिथे असेल तिथे त्याच्यामागे फिकट पिवळा रंग उमटायचा आणि तो पिवळा आईला दिसायचाच नाही. म्हणून मी सेटिंगची फाइल उघडून बसले होते. सापडलेल्या शब्दांचा रंग, ज्या शब्दावर आपण उभे आहोत त्याची जाड चौकट, खिडकीच्या उजव्या कडेच्या पट्टीवर उमटणाऱ्या रेघा, सगळं तिच्या डोळ्यांना जमेल तसं बदलत होते. पट्टी म्हणजे अख्ख्या पुस्तकाचा उभा नकाशा. शब्द जिथे असेल तिथे रेघ.

“हे बटण कशाचं?” तिनं विचारलं.

“सगळे एकदम बदलायचं. समजा एखादा शब्द सगळीकडे चुकलाय, तर एका फटक्यात…”

“न वाचता?”

“हो.”

“काढून टाक ते. माझा हात चुकून लागायचा.”

बटण काढता येत नव्हतं. मी त्याचा रंग मागच्या रंगात मिसळून टाकला. त्यावर ती समाधान पावली आणि पुन्हा डाळिंबीकडे वळली. बऱ्याच फेऱ्या झाल्या. शेवटी एका छटेवर तिनं चेहरा तिरपा केला आणि कडेच्या नजरेनं पाहिलं.

“हाच,” म्हणाली. मग, “एखादा शब्द न शोधताही रंगलेला राहू शकतो का? फाइल उघडली की आपोआप?”

“राहू शकतो. कुठला शब्द?”

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि एकेक अक्षर चाचपत लिहिलं. द्वारकाबाई.

“कोण या?”

“आमच्या रेक्टर होत्या.”

“त्यांचाच शब्द का रंगवायचा?”

“पुस्तक झालं की वाच,” आई म्हणाली. “आता चहा टाक. बिनसाखरेचा आहे म्हणून कमी टाकू नकोस.”

पुस्तक झालं. छात्रालयाचे सचिव मोटे सर येऊन फाइल घेऊन गेले. त्यानंतर आईची मूत्रपिंडं थकत गेली आणि तिला सांगलीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं.

मोटे सर तिथे आले ते मोसंबी घेऊन. गणिताचे शिक्षक, आईचे जुने सहकारी. स्टुलाच्या टोकावर बसून त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं. निघायची वेळ झाली तरी निघेनात.

“बोला, मोटे,” आई म्हणाली. “मोसंबी सोलून देण्यासाठी तुम्ही एवढ्या लांब आला नाहीत.”

“बाई, ग्रंथ उत्तम झालाय. साहेबांनी चाळला. त्यांचं फक्त एका नावाबद्दल म्हणणं आहे.”

साहेब म्हणजे जयसिंगराव ऐनापुरे. संस्थापक अण्णा ऐनापुऱ्यांचे चिरंजीव आणि आता अध्यक्ष.

“कुठल्या नावाबद्दल, ते सांगू नका,” आई म्हणाली. “माझी शुगर वाढेल.”

“त्यांच्या घरात ते नाव घेत नाहीत, बाई. लहानपणापासून. नाव तेवढं वगळलं तर बाकी शब्दालाही हात लावायचा नाही, म्हणाले.”

“मग त्या नावाबरोबर माझंही काढा. त्यातून जे उरेल ते छापा.”

मोटे सर उठले. जाताना मला म्हणाले, “तू जरा समजाव.” मी म्हणाले, “सर, तुम्ही आईबरोबर तीस वर्षं काम केलंय. तुम्हाला जमलं का कधी?” ते हसले. खरं म्हणजे हसण्यासारखं काही नव्हतं. त्याच आठवड्यात आई गेली.

तेराव्यानंतर मोटे सरांचा मेल आला. ग्रंथाची अंतिम प्रत सोबत जोडली होती. ग्रंथ बाईंच्या नावानं छापायचा असल्यामुळे वारस म्हणून माझी सही हवी होती आणि त्यासाठी रविवारी कार्यकारिणीपुढे यावं, असं त्यात होतं. तोवर मी पुस्तक वाचलं नव्हतं. आईचा लॅपटॉप उघडण्याचं बळच आलं नव्हतं.

मोटे सरांची फाइल मी तिच्याच एडिटरमध्ये उघडली. अक्षरं तिनं ठेवली होती तेवढीच मोठी आली. पण पान पांढरं होतं, डाळिंबी कुठेच नाही. दुसरं पांढरं, दहावं पांढरं. उजवीकडची पट्टी वरपासून खालपर्यंत कोरी. क्षणभर वाटलं, माझ्या हातून काही बिघडलं. मग मी आईची मूळ फाइल शेजारी उघडली आणि पट्टी रेघांनी भरून गेली. पहिल्या प्रकरणात दाट, मधे एका जागी इतक्या जवळ की नुसता डाळिंबी डाग दिसावा, आणि पुढे शेवटच्या पानापर्यंत विरळ विरळ, पण कुठेही न थांबलेल्या.

मी दोन्ही फाइली वाचून काढल्या. आधी आईची, मग मोटे सरांची. रविवारी लॅपटॉप घेऊन गेले.

छात्रालयाच्या सभागृहात मुलींना शिकवायचा प्रोजेक्टर होता. भिंतीवर हार घातलेला अण्णांचा फोटो. खिडकीतून अंगणातली विहीर दिसत होती, तोंडावर लोखंडी जाळी बसवलेली. जयसिंगराव मधल्या खुर्चीवर, शेजारी मोटे सर, बाकीचे सदस्य दोन्ही बाजूंना. टोकाला हिराबाई सरगर बसल्या होत्या. त्या आईबरोबर याच वसतिगृहात वाढल्या होत्या आणि माजी विद्यार्थिनींच्या प्रतिनिधी म्हणून कार्यकारिणीवर होत्या. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. डोळे भरलेले होते.

“ये बाळ, बस,” जयसिंगराव म्हणाले. “बाईंच्या जाण्यानं संस्थेची मोठी हानी झाली. ग्रंथ म्हणजे त्यांचं स्मारकच होणार आहे. तू सही केलीस की मोटे लगेच छापायला देतील.”

“काका, सहीआधी थोडं वाचून दाखवू? मोटे सरांनी पाठवलेल्या फाइलीतलंच.”

“अवश्य,” ते म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले.

मी प्रोजेक्टर जोडला. भिंतीवर पांढरं पान आलं. अण्णांच्या फोटोच्या खालीच.

“प्रकरण तिसरं,” मी म्हणाले आणि वाचायला लागले. “‘संस्था रोज पहाटे उठून मुलींच्या वेण्या घालत असत. संस्थेचा हात जड असल्यामुळे मुली रडत.’”

कुणीतरी खाकरलं. मोटे सरांनी चष्मा काढला.

“‘राहाटाचा दोर जीर्ण झाला असून तो बदलावा, असे संस्थेने संस्थेला दोनदा सांगितले होते.’”

“हे काय आहे?” जयसिंगराव मोटे सरांना म्हणाले.

“साहेब, ते नाव… तुम्ही म्हणालात सगळीकडनं काढा. मी त्या जागी संस्था घातलं, बाईंनी तिथे संस्थेने, बाईंना तिथे संस्थेला. एकदम. शेकडो ठिकाणी होतं ते.”

“पुढे वाचू का?” मी विचारलं आणि वाट न पाहता वाचलं. “‘सातवीतील एक विद्यार्थिनी पाणी शेंदत असताना दोर तुटला व तोल जाऊन ती विहिरीत पडली. दुसरा दोर नव्हता. संस्थेने क्षणाचाही विलंब न लावता नेसते लुगडे सोडले, त्याचे एक टोक खांबाला बांधले व दुसरे विहिरीत टाकले.’”

हिराबाईंना हसू आवरेना. पदर तोंडाशी धरूनही खांदे हलत होते. “संस्थेनं लुगडं सोडलं,” त्या म्हणाल्या. “आरं देवा. मोटे सर, लुगडं सोडल्यावर संस्थेच्या अंगावर काय राहिलं, तेबी लिहायचं की.”

“हिराबाई,” जयसिंगराव म्हणाले.

“एकच वाक्य राहिलंय, काका. ‘विद्यार्थिनी वाचली. मात्र पाहुण्यांसमोर अशोभनीय वर्तन केल्याच्या कारणावरून त्याच संध्याकाळी संस्थेला संस्थेतून काढून टाकण्यात आले.’”

हिराबाईंनी पदर तोंडावरून खाली घेतला. बाहेर एक मुलगी नळावर कळशी भरत होती, तिचा आवाज येत होता.

“चूक झाली,” जयसिंगराव शांतपणे म्हणाले. “मोटे, हे प्रकरणच काढून टाका. मग प्रश्न राहणार नाही.”

“प्रश्न एका प्रकरणाचा नाही,” मी म्हणाले. “आता आईची फाइल बघा.”

मी खिडकी बदलली आणि भिंत रंगली. ओळींमध्ये जागोजाग ते नाव, त्याच्यामागे तो रंग, आणि उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत रेघाच रेघा. मी पानं पुढे सरकवत गेले. वेण्या घालणाऱ्या द्वारकाबाई. नहाण आलेल्या मुलींना पहिल्यांदा सगळं समजावून सांगणाऱ्या द्वारकाबाई. नवऱ्यानं टाकलेली बाई मुलींना काय वळण लावणार, असं म्हणणाऱ्यांना दारात उभं राहून उत्तर देणाऱ्या द्वारकाबाई. त्या गेल्यानंतरच्या वर्षांतही, त्यांनी लावलेला कडुनिंब म्हणून, त्यांनी बसवलेली प्रार्थना म्हणून. रंग कुठे संपतच नव्हता.

हिराबाई उठून भिंतीजवळ गेल्या. त्यांचा हात त्या रंगाच्या उजेडात आला, आणि नाव त्यांच्या मनगटावर पडलं.

“आगं रेवती,” त्या म्हणाल्या, “ह्यो रंग कुठनं आणलास तू?”

“आईनं निवडला. असाच हवा म्हणून अडून बसली होती.”

“त्येंच्या लुगड्याचा ह्यो. त्यांच्याकडं दोनच हुती, त्यातलं डाळिंबी. पण कोरडं असतं ना, तवा ह्यापेक्षा उजळ दिसायचं. पाण्यात भिजलं की असं व्हायचं. असंच काळसर.”

“आई म्हणाली होती. ओला असल्यासारखा.”

हिराबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. “तिनं तुला सांगितलंच न्हाई?”

“काय?”

“विहिरीत पडलेली पोरगी म्हंजी प्रमीच की. तुझी आई.”

मी भिंतीवरच्या त्या रंगाकडे पाहिलं.

“आम्ही पोरी नुसत्या कोकलत हुतो,” हिराबाई म्हणाल्या. त्या आता माझ्याशी नव्हे, खिडकीबाहेरच्या जाळीशी बोलत असल्यासारख्या बोलत होत्या. “बाईंनी लुगडं खाली सोडलं, म्हणाल्या, प्रमे, वर बघ, दुसरीकडं कुठं बघू नगं. हे धर. प्रमीनं धरलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ओढली तिला. आन् नेमके तवाच अण्णा पाहुण्यांना घेऊन संस्था दाखवत आले. बाई नुसत्या चोळीवर उभ्या. पण प्रमीचा हात काठाला लागेपातुर लुगडं सोडून हलल्या न्हाईत. माळ्यानं मागनं घोंगडं टाकलं अंगावर. संध्याकाळच्या यष्टीनं घालवून दिलं त्यांना. त्या वल्या लुगड्यातच.”

आईनं पुस्तकात स्वतःचं नाव घातलं नव्हतं. सातवीतील एक विद्यार्थिनी, एवढंच.

मग जयसिंगराव पुढे झुकले. त्यांचा आवाज चढला नाही. उलट मऊ झाला.

“बघ बाळ. हे खरं असेल. मी लहान होतो तेव्हा. पण प्रत्येक खरी गोष्ट छापायची नसते. अण्णांनी खडकाळ माळावर ही संस्था उभी केली. हजारो मुली शिकल्या इथे. एका संध्याकाळच्या निर्णयावरून माणसाला जोखायचं का? आणि अण्णा आज उत्तर द्यायला नाहीत.”

“आईही नाही.”

“म्हणून तर तू समजून घे.”

“काका, अण्णा आहेत की पुस्तकात. आईनं त्यांच्याबद्दल वावगं एक अक्षर लिहिलेलं नाही. जे घडलं तेवढं लिहिलंय. त्यांचं नावही पानोपानी आहे. शोधून दाखवू? सांगा, कुठला रंग देऊ?”

“शब्दानं शब्द वाढवू नकोस. ग्रंथ संस्थेचा आहे. संस्थेनं तो लिहवून घेतलाय.”

“संस्थेनं पुष्कळ काही केलंय, मोटे सरांच्या फाइलीत वाचलं मी. वेण्या घातल्या, लुगडं सोडलं. पण हे पुस्तक माझ्या आईनं लिहिलंय. आंधळी होता होता लिहिलंय.”

“बाई असत्या तर त्यांनी संस्थेचं हित पाहिलं असतं.”

“बाई होत्या तेव्हा तुम्ही विचारलंत. त्यांनी उत्तर दिलं. ते पटलं नाही म्हणून तुम्ही त्या जाईपर्यंत थांबलात.”

मोटे सर टेबलाकडे पाहत होते. जयसिंगरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “म्हणजे तू सही करणार नाहीस.”

“करीन. एका अटीवर.” मी लॅपटॉप उचलून त्यांच्यासमोर ठेवला. पहिल्याच नावाभोवती जाड चौकट होती. “आईची एक पद्धत होती. न वाचता काही बदलायचं नाही. तुम्ही प्रत्येक नावावर थांबा. पूर्ण वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा आणि मग ते नाव काढा. असं शेवटच्या पानापर्यंत. सगळी काढून झाली की मी इथेच सही करते.”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप मोटे सरांपुढे सरकवला. “मोटे, करा सुरुवात. वाचा आणि काढा.”

मोटे सरांनी चष्मा घातला. घसा साफ केला. “‘छात्रालयाचे पहिले कुलूप उघडले ते द्वारकाबाईंनी. आत तेव्हा एक सतरंजी, एक कंदील व तीन मुली होत्या.’”

“काढा.”

सरांचं बोट बटणावर होतं. भिंतीवर सगळ्यांना ती चौकट दिसत होती. वर्गात फळ्यावर गणित चुकलेल्या मुलासारखे ते त्या नावाकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट उचललं.

“साहेब,” ते म्हणाले, “न वाचता मी एकदा केलं. वाचून मला व्हायचं नाही.”

जयसिंगराव उठले. फोटोकडे एकदा पाहिलं, धोतराचा सोगा सावरला. “सभा संपली,” म्हणाले. “ग्रंथ दुसरं कुणीतरी लिहील.”

“लिहू द्या,” मी म्हणाले.

मी प्रोजेक्टरची वायर काढली. हिराबाईंनी वायर गुंडाळून दिली. बाहेर पडताना त्या जाळीपाशी थांबल्या, मीही थांबले. खाली पाणी फार खोल होतं. त्यात आभाळाचा एक तुकडा दिसत होता, आणि आमची डोकी. बारा वर्षांच्या मुलीला तिथून वर काय दिसलं असेल, ते मी पाहायचा प्रयत्न केला.

संस्थेचा ग्रंथ वेळेवर निघाला. गुळगुळीत कागद, मान्यवरांचे संदेश, रंगीत फोटो. त्यात विहिरीचाही फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘संस्थेची विहीर.’

आईचं पुस्तक मी त्याच वर्षी मिरजेच्या एका लहानशा छापखान्यात दिलं. एडिटरमधला रंग अक्षरांसोबत जात नाही, तो फक्त बघणाऱ्याच्या पडद्यावर असतो. म्हणून पानं जशी दिसत होती तशीच्या तशी मी घरच्या प्रिंटरवर छापून, ते कागद पाठवले. दोन दिवसांनी छापखान्याच्या कुरणे मामांचा फोन आला.

“ताई, कागदांवर एका नावाला सगळीकडे रंग लागून आलाय. शोधताना लागला असणार. काळजी करू नका, टाइप करताना काढून टाकतो.”

“काढू नका, मामा. आहे तसं छापा.”

“सगळीकडं?”

“सगळीकडे.”

“देवाचं नाव आहे का?”

“नाही. बाईचं आहे.”

पहिला फर्मा, म्हणजे छापलेल्या पानांचा पहिला मोठा कागद, निघाला त्या दिवशी मी मिरजेला गेले. यंत्राच्या आवाजात कुरणे मामांनी ओला कागद दोन्ही हातांनी उचलून दाराच्या उजेडात धरला. पानभर काळी अक्षरं आणि मधे ते नाव, लखलखीत.

“कसं आहे?” ते ओरडून म्हणाले. “पसंत?”

मी आईसारखा चेहरा तिरपा केला आणि कडेच्या नजरेनं पाहिलं.

“अजून काळसर,” मी म्हणाले.